सांगलीत आणलेली जुनी वाफेची लाँच: आधी काय हाती घ्यावं?

कृष्णाकाठ:

नमस्कार मंडळी. एका स्थानिक ट्रस्टतर्फे विचारतोय. कोकणातल्या एका गोदीत पडून असलेली वाफेची लाँच ट्रेलरवरून सांगलीत आणली आहे. लांबी ४० फूट, रुंदी सव्वाआठ फूट, काठापर्यंत खोली ५ फूट. सगळी रिव्हेटची, पत्रा मूळचा पाव इंची. मधे उभा फायर-ट्यूब बॉयलर (नळ्यांतून आगीचा धूर, भोवती पाणी), त्याच्या पाटीवर दाब १२० पौंड (दर चौरस इंचाला) कोरलेला आहे. मागे कंपाउंड इंजिन (तीच वाफ आधी लहान, मग मोठ्या सिलिंडरमध्ये वापरणारं), सिलिंडर ५ आणि १० इंची, स्ट्रोक ६ इंच. इंजिन जाम आहे. बॉयलरभोवती पांढरं लिंपण आहे, काही ठिकाणी सुटून पडलंय. क्रेनच्या काट्यावर सगळ्यासकट ९ टन भरली. कागदपत्रं शून्य.

पाण्यात सोडायची नाही. नदीच्या जवळपास ठेवून लोकांना, शाळांच्या सहलींना दाखवायची आहे. इंजिन फिरताना दिसावं अशी सगळ्यांची इच्छा. काही सभासद म्हणतात बॉयलर पेटवूच, काही म्हणतात २६ जानेवारीच्या आत रंग मारून ठेवून देऊ. क्रम काय असावा? आणि पुराचं काय करायचं?

गंजमास्तर:

२६ जानेवारीचा रंग विसरा. स्टेशनांबाहेर, चौकांत ठेवलेली जुनी इंजिनं बघा: वरून दरवर्षी चकाचक काळी, आणि खालून पत्रा बोटाने फुटतो. आधी डोक्यावर छप्पर घाला. साधा पत्र्याचा शेड, बाजू मोकळ्या, चारी बाजूंनी किमान एक मीटर पुढे आलेला. शेड दिखाऊ नसतो म्हणून कमिट्या तो शेवटी ठेवतात आणि तिथेच फसतात. बोट बाहेरचं पाणी आत येऊ नये अशी बांधलेली असते, त्यामुळे जमिनीवर ठेवली की आत पडलेलं पाणी बाहेरही जात नाही. तुमचा उघडा भाग २५ चौरस मीटर धरला तर २५ मि.मी.च्या एका पावसात सव्वासहाशे लिटर पाणी तळाशी साचतं.

छपरानंतर पत्र्याची जाडी मोजा. अल्ट्रासोनिक गेज भाड्याने मिळतो, दर फुटावर खडूने चौकटी आखून वाचन घ्या आणि नकाशावर लिहा. जास्त लक्ष चार जागी द्या: पाणरेषेचा पट्टा, तळाचं वळण, बॉयलरखालची बैठक आणि कोळशाची कोठी. कोळशातला गंधक ओलाव्यात आम्ल धरतो, त्यामुळे कोठीखालचा पत्रा हमखास गेलेला असतो. एक सावधगिरी: पत्रा पोलादाऐवजी जुनं घडीव लोखंड असेल तर त्यात धातुमळीचे थर असतात. गेजचा ध्वनी त्या थरावरून परत फिरतो आणि ६ मि.मी.चा पत्रा ३ मि.मी. दाखवतो. शंका आली की एक बारीक भोक पाडून प्रत्यक्ष मोजा. पत्रा कोणता ते ओळखायला एक निकामी तुकडा कापून, खाच पाडून वाकवा. लाकडासारखे तंतू उलगडले तर घडीव लोखंड.

आता मीठ. समुद्रात राहिलेल्या लोखंडावर मीठ नुसतं वर बसलेलं नसतं. खड्ड्यांच्या तळाशी, रिव्हेटच्या डोक्याखाली, दोन पत्र्यांच्या जोडात क्लोराइड मुरलेलं असतं. वर रंग दिला की ते आत अडकतं, दमटपणा ओढत राहतं आणि दुसऱ्या पावसाळ्यात रंगाला फोड येतात. ब्रिस्टलच्या ‘एस. एस. ग्रेट ब्रिटन’चं उदाहरण डोळ्यासमोर ठेवा. १८४३ साली पाण्यात उतरलेली लोखंडी बोट, १९७० मध्ये फॉकलंड बेटांवरून तराफ्यावर चढवून परत आणली. मीठ इतकं मुरलेलं की रंगाने भागेना. शेवटी कोरड्या गोदीत पाणरेषेच्या उंचीवर काचेचं आच्छादन घातलं आणि खालची हवा यंत्राने २० टक्के आर्द्रतेच्या आसपास ठेवली. तुमची लाँच लहान, पत्रा पातळ, सगळ्या बाजूंनी हात पोचतो. तुम्हाला धुऊन भागेल, पण नीट धुवावं लागेल.

धुताना बोअरचं पाणी अजिबात नको. मिरज-वाळवा पट्ट्यातलं क्षारपड जमिनीखालचं पाणी मारलं तर एक मीठ काढून दुसरं चढवाल. आधी टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) लावून बघा. प्रेशर वॉशरने नळाचं पाणी, आणि शेवटचा हात आरओच्या पाण्याचा. वाळू द्या, पुन्हा धुवा. किती वेळा, ते ब्रेस्ले पॅच सांगेल. ही चिकटणारी छोटी पिशवी असते, तिच्यात शुद्ध पाणी सोडून क्षार मोजतात. चौरस मीटरला ५० मिलिग्रॅमच्या खाली आल्याशिवाय प्रायमरचा डबा उघडू नका.

जुना तांबडा रंग म्हणजे बहुतेक शेंदूर, म्हणजे शिसं. कोरडा घासायचा नाही, गॅसने जाळायचा नाही. खाली ताडपत्री, पाणी मारून खरवडणं, चांगल्या प्रतीचा मास्क, आणि खरवड वेगळ्या पिंपात. ब्लास्टिंगला नदीची वाळू वापरू नका, कामगारांच्या फुप्फुसात सिलिका जाते. कॉपर स्लॅग किंवा गार्नेट वापरा, पातळ जागी दाब कमी ठेवा. काम फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये उरका. नदीकाठी सकाळी पत्र्यावर दव असतं, म्हणून पत्र्याचं तापमान दवबिंदूच्या किमान ३ अंश वर गेल्यावरच रंगाला हात घाला. सकाळी ब्लास्ट केलेला भाग त्याच दिवशी प्रायमरखाली गेला पाहिजे.

रंगाचे थर: झिंकयुक्त इपॉक्सी प्रायमर ६० ते ७५ मायक्रॉन, त्यावर इपॉक्सीचे दोन हात प्रत्येकी १०० ते १२५, वर पॉलियुरेथेन ५०. प्रत्येक थराआधी रिव्हेटची डोकी आणि पत्र्याच्या कडा ब्रशने वेगळ्या रंगवा. स्प्रेचा रंग कडेवर पातळ बसतो आणि गंज तिथूनच शिरतो. रंग कोणता, यावर सभा घालवू नका.

गेलेल्या पत्र्यावर ठिगळ वेल्ड करणं ही सगळ्यात वाईट सवय. दोन पत्र्यांत ओल अडकते, आत गंज फुगतो आणि रिव्हेट तोडतो. खराब भाग कापून त्याच जाडीचा तुकडा बसवा. वेल्डिंग करायचंच तर आधी निकामी तुकड्यावर ७०१८ रॉडने करून बघा, जुन्या पोलादात गंधक-फॉस्फरस जास्त असतं, तडे जातात. रिव्हेटच्या ओळीजवळ तर वेल्डिंग नकोच, उष्णतेने शेजारचे रिव्हेट ढिले होतात. नव्या तुकड्यावर आतल्या बाजूने वर्षाचा आकडा ठोकून ठेवा.

बाष्पक_कराड:

बॉयलरबद्दल लिहितो. गंजमास्तरांच्या कामाला हात घालण्याआधी हे वाचा, कारण ते पांढरं लिंपण एस्बेस्टॉस असण्याची शक्यता दाट आहे. झाडू नका, फुंकू नका, प्रेशर वॉशर तर मुळीच नाही. सुटलेल्या तुकड्यांवर साबणाचं पाणी फवारून प्लास्टिकने झाका, नमुना प्रयोगशाळेत पाठवा. एस्बेस्टॉस निघालं तर प्रशिक्षित माणसांकडूनच ओलं करून, दुहेरी पिशवीत काढायचं. तोवर लाँचवर कोणीही चढायचं नाही, फोटोपुरतंही नाही.

आता पेटवण्याचं. माझं स्पष्ट मत: हा बॉयलर पेटवू नका. १९२३ च्या बॉयलर कायद्यातून आगबोटी आणि नदीतल्या वाफेच्या नौकांवरचे बॉयलर वगळलेले होते. त्यामुळे बोटीच्या बॉयलरला बाष्पके संचालनालयाचा नोंदणी क्रमांक नसणं स्वाभाविक. पण लाँच जमिनीवर ठेवून पेटवलीत की ती सवलत संपली. आता २०२५ चा नवा कायदा आहे, पण नोंदणी आणि दाखल्याशिवाय बॉयलर चालवता येत नाही ही गोष्ट तीच. नोंदणीला ड्रॉइंग लागतं, पत्र्याचा दाखला लागतो, आकडेमोड लागते. तुमच्याकडे पाटीवरच्या १२० पौंडांशिवाय काही नाही, आणि तो आकडा बॉयलर नवा असतानाचा.

उभ्या बॉयलरमध्ये काय जातं ते सांगतो. तळाच्या रिंगवर गाळ साचतो, तिथे फायरबॉक्सचा पत्रा आतून खाल्ला जातो. कोळसा जळतो त्या जाळीच्या पातळीला राख आणि ओल मिळून बाहेरून खातात. हँडहोलच्या (हात घालून साफ करायच्या भोकाच्या) झाकणाखाली गळतीचा ओघळ असतो, तो पत्र्यात चर पाडतो. नळ्यांची वरची टोकं वाफेच्या जागेत असल्याने तापून सैल होतात. यातली पहिली जागा बाहेरून दिसतच नाही. हँडहोल उघडून एंडोस्कोप कॅमेरा घाला, चित्रं काढून ठेवा. प्रदर्शनात हीच चित्रं बॉयलरशेजारी लावली तर लोकांना आतली रचना कळेल.

एक गोष्ट ठळक लिहितो. ‘वाफ नको तर कॉम्प्रेसरची हवा बॉयलरमध्ये भरून इंजिन फिरवू’ असं कोणीतरी म्हणणारच. नाही म्हणजे नाही. बॉयलरची दाबचाचणी पाण्यानेच करतात, चालू दाबाच्या दीडपट, म्हणजे तुमच्या पाटीनुसार १८० पौंडांवर. पाणी जवळजवळ दबत नाही, त्यामुळे पत्रा फाटला तर पाणी गळतं आणि दाब पडतो. तेवढ्याच जागेत त्याच दाबाची हवा पाण्याच्या हजारो पट ऊर्जा साठवते. पत्रा फाटला की तो स्फोटच.

बॉयलर आतून धुऊन, गरम हवेने वाळवून, सिलिका जेलच्या पिशव्या घालून बंद करा. मुख्य स्टीम पाइपला आंधळी फ्लँज (भोक नसलेली बंद चकती) बसवा, म्हणजे पुढच्या कमिटीलाही मोह होणार नाही.

कृष्णाकाठ:

दोघांचेही आभार. लिंपणाचा नमुना उद्याच पाठवतो, तोवर दोरी बांधून बंद केलं आहे. बॉयलरचा विषय संपला, पटला. मग इंजिन फिरवायचं कशाने? आणि शिट्टी? शिट्टीवर काही ज्येष्ठ मंडळी अडून बसली आहेत.

फिटर_कुपवाड:

दादा, आधी इंजिन सुटू दे. फ्लायव्हीलला पहार लावून जोर करणार असाल तर कॉनरॉड वाकेल नाहीतर क्रॅंक. दोन्ही सिलिंडरची वरची झाकणं आणि स्लाइड व्हॉल्व्हच्या पेटीची झाकणं काढा. नट निघत नसेल तर नट चिरा, स्टड वाचवा. नट नवा मिळतो, तुटलेला स्टड बिडातून काढताना कास्टिंगचा कान फुटतो. आत साचलेलं पाणी, कचरा काढा. एटीएफ तेल (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं) आणि अ‍ॅसिटोन समसमान मिसळून पिस्टनभोवती घाला, रोज थोडं वाढवत तीन-चार आठवडे मुरू द्या. आगीपासून लांब, आणि झाकून, कारण अ‍ॅसिटोन उडतं. मग पिस्टनवर बाभळीचा ठोकळा ठेवून हलक्या हाताने ठोके द्या. केसाएवढं हललं की उलट बाजूला आणा, पुन्हा तेल. एकाच दिशेने रेटत गेलात तर गंजाचा भुगा रिंगखाली अडकून सिलिंडरवर ओरखडे पडतात.

समुद्राचं पाणी ज्यातून गेलंय ते सगळे बिडाचे भाग वेगळे तपासा: पंपाची बॉडी, कंडेन्सरची झाकणं, व्हॉल्व्हच्या पेट्या. खाऱ्या पाण्यात बिडातलं लोखंड निघून जातं आणि ग्रॅफाइट जागेवर राहतं. आकार जसाच्या तसा, अगदी कास्टिंगची अक्षरंसुद्धा शाबूत. पण खिळ्याने ओरखडा काढला की शिसपेन्सिलसारखी काळी मऊ भुकटी निघते. असा भाग पाना लावल्यावर हातात येतो. तो खोलू नका, जागच्या जागी आधार द्या, आणि बदली भाग ओतून घ्यायचा तर पॅटर्नसाठी माप आत्ताच घ्या. जिल्ह्यात फाउंड्रींची कमी नाही.

फिरवायला दोन मार्ग. एक, हवेवर. बॉयलर सोडून वेगळा, तपासलेला एअर रिसीव्हर (हवेची टाकी), त्याला सेफ्टी व्हॉल्व्ह, तिथून रेग्युलेटरने २ बार हवा थेट इंजिनाच्या स्टीम पाइपला. हिशोब असा: ५ इंची सिलिंडर, ६ इंच स्ट्रोक, दोन्ही बाजूंनी काम करणारा, म्हणजे एका फेऱ्याला ३.८ लिटर. मिनिटाला ३० फेऱ्यांना ११५ लिटर, २ बारला (वातावरणाचा १ बार धरून तिप्पट) ती मोकळी हवा ३४५ लिटर, साधारण १२ सीएफएम, म्हणजे मिनिटाला १२ घनफूट. पण कंपाउंड इंजिनात एवढ्या कमी दाबावर १० इंची सिलिंडरला काही उरत नाही, उलट तो ओढ बनतो. म्हणून त्यालाही अर्ध्या बारची वेगळी हवा द्यावी लागते आणि खप दुप्पट होतो. त्यात जुन्या पॅकिंगची गळती. १० एचपीचा कॉम्प्रेसर साधारण ३५ सीएफएम देतो, तेवढा हवा.

हवेला ड्रायर लावा. पसरताना हवा थंड होते, ओल सुटते आणि सिलिंडर आतून तांबडा होतो. तेलही बदला: वाफेच्या सिलिंडरचं जाड तेल गरम असतानाच पसरतं, गार इंजिनात गोळा होऊन बसतं. ६८ किंवा १०० ग्रेडचं तेल लुब्रिकेटरमधून द्या.

दुसरा मार्ग मोटरचा. रोज दाखवायचं असेल तर माझं मत यालाच. १ एचपीची १४४० फेऱ्यांची मोटर, १२० ला १ चा गिअरबॉक्स, प्रोपेलरच्या शाफ्टला चेनने जोडा. मिनिटाला १२ फेरे. क्रॅंक, कॉनरॉड, व्हॉल्व्हचा एक्सेंट्रिक कसा हलतो ते या गतीला पोरांना नीट दिसतं. पिस्टन रिंगा आणि ग्लँडचं पॅकिंग काढून, तेल लावून, लेबल घालून पेटीत ठेवा, ड्रेन कॉक उघडे ठेवा. जोडणीत शिअर पिन हवीच, काही अडकलं तर पिन तुटेल, इंजिन नाही. भोवती जाळी इतकी बारीक की पोराचं बोट जाणार नाही.

शिट्टी त्याच रिसीव्हरवरून वाजते. फक्त हवेवर तिचा सूर खाली उतरतो, कारण वाफेत ध्वनीचा वेग जास्त असतो. ज्येष्ठांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर म्हणतील फिटरने शिट्टी बिघडवली.

बाष्पक_कराड:

फिटरसाहेब, हवेचा मार्ग वर्षाकाठी दोन-तीन दिवसांपुरता ठेवा एवढीच भर. रिसीव्हरची दाबचाचणी ठरल्या मुदतीत करणार कोण, याचं नाव आधी ठरवा. ट्रस्ट उत्साहात कॉम्प्रेसर घेतात आणि पुढे ती जबाबदारी कुणाचीच राहत नाही. ‘विक्रांत’सारखी युद्धनौका २००१ पासून मुंबईत संग्रहालय होती, २०१२ मध्ये बंद झाली, २०१४ मध्ये भंगारात निघाली. रोजच्या देखभालीचा पैसा उभा करणं हे डागडुजीच्या पैशापेक्षा अवघड असतं.

पूररेषा:

जागेबद्दल. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी, आणि २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. जागा २०१९ च्या रेषेच्या वर मिळाली तर पुढचं वाचू नका. घाटाजवळच हवी असेल तर हा हिशोब बघा.

तुमची लाँच ९ टनांची. ९ घनमीटर पाणी बाजूला सारलं की ती तरंगते. तुमच्या मापांवरून ते साधारण अडीच फुटांवर होतं, म्हणजे चबुतऱ्यावर कंबरभर पाणी आलं की बोट उठणार आणि प्रवाहाबरोबर जाणार. बांधून ठेवायची म्हटलं तर पाणी काठापर्यंत आल्यावर साधारण २७ टनांचा उचल दाब, वजा ९, म्हणजे १८ टन साखळ्यांवर. गंजलेल्या तळाच्या चौकटी तो सहन करणार नाहीत. म्हणून पूर आत येऊ द्यायचा. तळाला पाणी शिरण्याची वाट हवी, आणि आतल्या प्रत्येक आडभिंतीच्या पलीकडेही, नाहीतर पुढचा बंद कप्पा एकटाच तरंगायला लागेल. त्याच वाटा एरवी साचलेलं पाणी बाहेर काढतील. साखळ्या तरीही लावा, प्रवाहाच्या आडव्या रेट्यासाठी.

बैठक करताना दर दीड मीटरला कण्याखाली ठोकळा आणि दोन्ही बाजूंना टेकू, तेही आतल्या फासळ्यांच्या रेषेतच. पाण्यात बोटीला सगळीकडून सारखा आधार असतो. जमिनीवर दोन टोकांना टेकवली तर मधला बॉयलर तिला वाकवतो. लाकूड आणि पत्रा यांच्या मधे रबराची पट्टी घाला, लाकूड ओल धरून ठेवतं.

पूर ओसरताच गाळ ओला असतानाच पाण्याने काढा. काळा गाळ एकदा वाळला की रिव्हेटच्या ओळीतून ब्रशनेही निघत नाही.

कृष्णाकाठ:

नदीपासून लांबची जागा मागून बघतो, पण आशा कमी. सभासद तळाला भोकं पाडायला तयार नाहीत, म्हणतात मूळ वस्तूला इजा नको.

पूररेषा:

नवी भोकं कशाला? समुद्राचं पाणी कंडेन्सरला (वाफ थंड करून पाणी करणाऱ्या भागाला) घेणारा गनमेटलचा (तांबं-कथिलाच्या मिश्रधातूचा) व्हॉल्व्ह तळाला असेलच, आणि राख धुवायच्या पंपाचा दुसरा. गनमेटलशेजारी लोखंड खाऱ्या पाण्यात झपाट्याने झिजतं, त्यामुळे त्या व्हॉल्व्हभोवतीचा पत्रा तुम्हाला तसाही बदलावा लागणार. दोन्ही व्हॉल्व्ह काढून प्रदर्शनात ठेवा आणि त्यांची भोकं जाळी लावून उघडी सोडा. पाणी तासाला एक फूट चढलं तर सेकंदाला पावणेदोन लिटर आत यायला हवं, तेवढं २ इंची एकच भोक घेतं, आत-बाहेर ११ सेंटिमीटरचा फरक ठेवून. दुसरं हवं ते पहिल्यात पालापाचोळा अडकेल म्हणून. आडभिंतींच्या बुडाशी मूळची पाणी वाहायची खाच असते, ती गाळाने बुजलेली असेल, मोकळी करा. नसेल तरच तिथे ड्रिल लावा, आणि मे महिना संपायच्या आत बादलीभर पाणी ओतून प्रत्येक कप्पा बाहेर वाहतो का ते बघा.